न्यायाची किंमत आणि शेरीफाचे निवृत्तिवेतन : मिसुरी राज्यातील एका वादाची पूर्वपीठिका

‘शेरीफ’ हा शब्द मराठी वाचकाला अपरिचित नाही. मुंबईच्या शेरीफाचे पद एका वर्षापुरते, बिनपगारी आणि नेमणुकीने मिळणारे मानाचे पद होते, डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याकडे ते १८६९ आणि १८७१ असे दोनदा आले. इंग्लंडमध्ये उगम पावलेल्या याच पदाने अमेरिकेत मात्र निराळे रूप धारण केले. तेथील बहुतेक राज्यांत शेरीफ हा काउंटीचा पोलीसप्रमुख, तुरुंगाचा अधिकारी आणि न्यायालयाच्या हुकुमांची बजावणी करणारा अंमलदार असतो, आणि त्याची निवड मतदार करतात. कायद्याचा अंमल करणारा सशस्त्र अधिकारी मतपेटीतून निवडण्याची ही पद्धत जगात विरळाच म्हणावी लागेल.

या पद्धतीतून एक प्रश्न उद्भवतो, तो वरकरणी हिशेबाचा वाटतो. निवडून आलेल्या अधिकाऱ्याला निवृत्तिवेतन द्यावयाचे, तर कोणत्या पात्रतेवर द्यावयाचे आणि कोणाच्या पैशातून द्यावयाचे? निवृत्तिवेतनाची कल्पना दीर्घ आणि अखंड सेवेवर आधारलेली असते. निवडणुकीची कल्पना याच्या उलट आहे. लोकांना वाटेल तेव्हा माणूस बदलता यावा, हे तिचे प्रयोजन. एका माणसाच्या ठायी या दोन कल्पना एकत्र येतात, तेव्हा पात्रतेचा नियम हा त्या दोहोंमधील तहनामा ठरतो. तो तहनामा वेळोवेळी कसा बदलला आणि मिसुरी राज्यात २०२१ ते २०२४ या काळात तो थेट न्यायसंस्थेच्या पायाशी कसा जाऊन भिडला, हे पाहणे उद्बोधक आहे.

१. मक्ता, नफा आणि अविश्वास

इंग्लंडमधील शेरीफ हा मुळात राजाचा परगण्यातील कारभारी होता. परगण्याच्या वसुलीपोटी ठरलेली रक्कम राजाच्या खजिन्यात भरावयाची आणि वरची वसुली स्वतःकडे ठेवावयाची, असा व्यवहार मध्ययुगात रूढ होता. महसुलाच्या मक्तेदारीचा इतिहास ठाऊक असलेल्या भारतीय अभ्यासकाला या व्यवस्थेची फळे निराळी सांगावयास नकोत. ११७० मध्ये दुसऱ्या हेन्रीने शेरीफांच्या कारभाराची चौकशी आरंभिली आणि त्यांच्यापैकी अनेकांना पदावरून दूर केले. १२१५ च्या मॅग्ना कार्टाच्या २४व्या कलमाने राजाच्या अखत्यारीतील गंभीर खटले चालविण्यास शेरीफांना मनाई केली आणि ४५व्या कलमाने कायदा जाणणाऱ्यालाच हे पद द्यावे असा आग्रह धरला. ५०व्या कलमात ज्यांना नावानिशी पदच्युत करण्याचे वचन राजाकडून घेतले गेले, त्यांत नॉटिंगहॅमचा तत्कालीन शेरीफ फिलिप मार्क हाही होता. रॉबिन हूडच्या कथागीतांतील लोभी शेरीफ आणि हा फिलिप मार्क एकच, असे ठामपणे म्हणता येत नाही; परंतु लोकवाङ्मयाने खलपुरुष म्हणून नेमका हाच हुद्दा का उचलला, याचे उत्तर या सनदेत सापडते.

याच सनदेच्या ४०व्या कलमात राजा असे वचन देतो की, न्याय कोणालाही विकला जाणार नाही, नाकारला जाणार नाही आणि लांबविला जाणार नाही. शेरीफाविषयीचा अविश्वास आणि न्यायाच्या विक्रीला मज्जाव, ही दोन्ही कलमे एकाच दस्तऐवजात आली, हा योगायोग नव्हे. ज्याच्या उपजीविकेचे साधन लोकांच्या खटल्यांशी आणि दंडांशी बांधलेले आहे, त्याच्या हाती न्याय निर्मळ राहत नाही, हा अनुभव दोन्हींच्या मुळाशी होता.

यावर इंग्लंडने शोधलेला उपाय म्हणजे मुदतीची मर्यादा. १३०० मध्ये काही परगण्यांना आपला शेरीफ निवडण्याचा अधिकार मिळाला, पण १३१६ मध्ये तो काढून घेण्यात आला. १३७७ च्या कायद्याने एक वर्ष पद भूषविलेल्या माणसाला पुढील तीन वर्षे पुन्हा शेरीफ होण्यास बंदी केली. सेवेचे सातत्य मोडणे हाच येथे गुण मानला गेला होता, हे पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

२. निवडणूक, शुल्क आणि पगार

व्हर्जिनियाच्या वसाहतीत १६३४ मध्ये परगणे आखले गेले आणि त्यांच्याबरोबर शेरीफही आला. स्वातंत्र्यानंतर, विशेषतः एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, हे पद राज्याराज्यांतून लोकनियुक्त होत गेले. मात्र जुना अविश्वासही त्याच्यासोबत राहिला. न्यूयॉर्कच्या १८२१ च्या राज्यघटनेने शेरीफ तीन वर्षांसाठी निवडावा असे ठरविले आणि लगोलग पुढील तीन वर्षे त्याला अपात्र ठरविले. इंडियाना राज्याच्या घटनेनुसार आजही बारा वर्षांच्या कोणत्याही कालखंडात आठ वर्षांहून अधिक काळ एका व्यक्तीला शेरीफपद धारण करता येत नाही. केंटकीमध्ये शेरीफाला लागोपाठ दुसऱ्यांदा उभे राहता यावे यासाठी १९८४ मध्ये घटनादुरुस्ती करावी लागली. जेथे माणूस पदावर टिकूच नये अशी घटनेची इच्छा, तेथे निवृत्तिवेतनाचा विचारही संभवत नव्हता.

त्या काळी शेरीफाला पगारही नसे. समन्स बजावल्याचे अमुक, जप्तीचे तमुक, कैद्याच्या रोजच्या जेवणाचे अमुक, अशा दरपत्रकावर त्याची मिळकत चाले. निकोलस पॅरिलो या विधिज्ञाने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात १७८० ते १९४० या कालखंडात अमेरिकी शासन शुल्क आणि बक्षिसांकडून ठराविक पगाराकडे कसे वळले, याचा विस्तृत आढावा घेतला आहे. सरकारी माणसाच्या निर्णयात त्याच्या खिशाचा संबंध नसावा, ही आज स्वयंसिद्ध वाटणारी गोष्ट रुजावयास दीड शतक लागले. १९२७ मध्ये ट्यूमी विरुद्ध ओहायो या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, आरोपी दोषी ठरल्यास ज्याच्या पदरी पैसे पडतात, अशा महापौराने न्यायाधीशाच्या खुर्चीत बसणे घटनाबाह्य होय. १९७२ च्या मनरोव्हिल खटल्यात हेच तत्त्व आणखी पुढे नेले गेले. तेथे पैसा महापौराच्या खिशात जात नव्हता, गावाच्या तिजोरीत जात होता. परंतु त्या तिजोरीची जबाबदारी त्याच्यावर होती, एवढे कारण न्यायालयाला पुरेसे वाटले.

३. कृपा, करार आणि पात्रता

निवृत्तिवेतनाचा इतिहास समांतर मार्गाने चालला होता. ‘पेन्शन’ या शब्दाला इंग्रजीत आरंभी कृपादानाचा, किंबहुना लाचेचा वास होता. १७५५ च्या आपल्या कोशात सॅम्युअल जॉन्सनने या शब्दाची केलेली व्याख्या राजाश्रितांची निर्भर्त्सना करणारी होती. त्याच जॉन्सनने १७६२ मध्ये राजाकडून सालिना तीनशे पौंडांचे पेन्शन स्वीकारले, तेव्हा त्याच्या विरोधकांनी त्याला त्याच्याच कोशाची आठवण करून दिली. मराठीतील ‘निवृत्तिवेतन’ हा पर्याय या दृष्टीने लक्षणीय आहे. त्यात ‘वेतन’ हा शब्द अंतर्भूत असल्याने दानाची छटा उरत नाही. श्रमाचा उरलेला मोबदला असा अर्थ शब्दातच बसलेला आहे.

कृपेपासून मोबदल्यापर्यंतचा हा प्रवास कायद्यालाही करावा लागला. न्यूयॉर्क शहराने १८५७ मध्ये पोलिसांसाठी निधी सुरू केला आणि ब्रिटनमध्ये १८९० च्या कायद्याने पोलिसांना निवृत्तिवेतनाचा हक्क मिळाला. तरीही १८८९ मध्ये पेनी विरुद्ध रीस या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असे मानले की, सॅन फ्रान्सिस्कोच्या पोलिसाच्या पगारातून दरमहा कापून घेतलेली रक्कमही त्याची मालमत्ता नव्हती आणि तिच्यावरील लाभाचे नियम विधिमंडळ केव्हाही बदलू शकत होते. ही भूमिका विसाव्या शतकात पालटली. न्यूयॉर्कने १९३८ मध्ये आणि इलिनॉयने १९७० मध्ये सार्वजनिक निवृत्तिवेतन हा करार असून त्याचे लाभ घटविता येणार नाहीत, असे घटनेतच लिहिले. भारतात १९८२ च्या डी. एस. नाकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तिवेतन ही शासनाची मेहेरबानी नव्हे, असे निःसंदिग्धपणे सांगितले. तो वादही पात्रतेचाच होता: ३१ मार्च १९७९ ही तारीख आधी आणि नंतर निवृत्त झालेल्यांमध्ये जो भेद करीत होती, तो न्यायालयाने रद्द ठरविला.

पोलीस शिपाई आणि शेरीफ यांच्यातील अंतर येथे स्पष्ट होते. शिपाई भरती होतो, बढती घेतो, ठरल्या वयाला निवृत्त होतो. शेरीफाची सेवा मात्र मुदतीच्या तुकड्यांनी मोजावी लागते आणि कोणता तुकडा शेवटचा, हे त्याच्या हाती नसते. मिसुरीने १९८३ मध्ये शेरीफांसाठी स्वतंत्र निवृत्तिवेतन व्यवस्था उभारली. तिच्या नियमानुसार पंचावन्न वर्षांचे वय आणि बारा वर्षांची सेवा, किंवा बासष्ट वर्षांचे वय आणि आठ वर्षांची सेवा, अशी पात्रता राहिली आहे. तेथे शेरीफाची मुदत चार वर्षांची असते. म्हणजे बारा आणि आठ हे आकडे वस्तुतः तीन आणि दोन निवडणुकांचे आकडे होत. दुसऱ्या निवडणुकीत पडलेला शेरीफ चार वर्षांची सेवा घेऊन घरी जातो आणि या नियमाच्या कक्षेबाहेर राहतो. पात्रतेच्या अंतिम किल्ल्या मतदारांच्या हाती आहेत, असे म्हटल्यास ते वावगे ठरणार नाही.

अन्य राज्यांतील बदलही याच पेचातून निघाले. फ्लॉरिडात शेरीफ हा निर्वाचित अधिकाऱ्यांच्या वर्गात मोडतो. तेथे एक महिना पदावरून दूर राहून निवृत्ती घ्यावयाची आणि पुन्हा त्याच पदावर येऊन पगार व निवृत्तिवेतन दोन्ही घ्यावयाचे, अशी पळवाट निर्वाचित अधिकाऱ्यांना उपलब्ध होती. २००९ मध्ये संमत होऊन जुलै २०१० पासून लागू झालेल्या कायद्याने ती बंद केली आणि सहा महिन्यांचा खंड सक्तीचा केला. निवडून आलेला माणूस ‘निवृत्त’ झाला म्हणजे नेमके काय झाले, याची व्याख्याच त्या कायद्याला करावी लागली. याच राज्याने २०११ मध्ये पोलीस व अग्निशमन दलासारख्या विशेष जोखमीच्या सेवांसाठी नव्याने येणाऱ्यांचे निवृत्तीचे वय पंचावन्नवरून साठ केले आणि २०२३ मध्ये ते पुन्हा पंचावन्नवर आणले. इलिनॉयने निर्वाचित काउंटी अधिकाऱ्यांसाठीची अधिक लाभाची योजना २०११ मध्ये नव्या सदस्यांना बंद केली. जुन्यांचे लाभ मात्र तेथे अबाधित राहिले. २०१३ च्या कायद्याने राज्य कर्मचाऱ्यांचे लाभ घटविण्याचा जो प्रयत्न झाला, तो त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७० च्या घटनेकडे बोट दाखवून २०१५ मध्ये मोडीत काढला. जुन्यांना हात लावता येत नाही, म्हणून नव्यांसाठी नियम कडक होतात आणि एकाच कचेरीत एकच काम करणाऱ्या दोघांची पात्रता भिन्न होते. नाकारा खटल्यातील तारखेचा प्रश्न येथे दुसऱ्या रूपाने पुन्हा उभा राहिलेला दिसतो.

४. तीन डॉलरांचा प्रश्न

मिसुरीच्या योजनेची पात्रता सुस्पष्ट होती. निधीचा मार्ग मात्र वादग्रस्त ठरला. न्यायालयात येणाऱ्या खटल्यांच्या खर्चात तीन डॉलरांचा अधिभार जोडून तो शेरीफांच्या निवृत्तिवेतन निधीत जमा केला जाई. न्यायालयीन शुल्कातून अशा निधीला रसद पुरविण्याचा परिपाठ मिसुरीपुरता मर्यादित नव्हता. जॉर्जिया आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांनीही शेरीफांच्या निवृत्तिवेतनासाठी असाच मार्ग अवलंबिला. करवाढीला मतदार राजी नसतात, काउंट्या गरीब असतात आणि तीन डॉलर कोणाच्या लक्षातही येत नाहीत, हे या मार्गाचे आकर्षण होते.

दरम्यान मिसुरीतच न्यायालयीन दंड हा विषय देशव्यापी चर्चेचा झाला. ऑगस्ट २०१४ मध्ये फर्ग्युसन येथे पोलिसाच्या गोळीने मायकेल ब्राउन या तरुणाचा मृत्यू झाला आणि मार्च २०१५ मध्ये केंद्रीय न्याय विभागाने प्रसिद्ध केलेल्या अहवालाने त्या नगराचे पोलीस आणि न्यायालय महसूल गोळा करण्याच्या मागे कसे लागले होते, हे उघड केले. क्षुल्लक वाहतूकभंगाचा दंड, तो न भरल्याचा दंड, मग अटक, अशा साखळीत गरीब, आणि त्यांतही प्रामुख्याने कृष्णवर्णीय, रहिवासी अडकत होते. त्याच वर्षी राज्याच्या विधिमंडळाने नगरपालिकांच्या अशा उत्पन्नावर मर्यादा आणणारा कायदा केला. शेरीफांच्या अधिभाराचा फर्ग्युसनशी थेट संबंध नव्हता. तथापि कोर्टाच्या पावतीवरील प्रत्येक ओळ कोणासाठी आहे, हे विचारण्याची सवय समाजाला लागली होती.

कॅन्सस सिटीच्या नगरन्यायालयात वेगमर्यादा ओलांडल्याचा गुन्हा कबूल केलेल्या वाहनचालकांनी याच तीन डॉलरांना आव्हान दिले. खालच्या न्यायालयात ते हरले. १ जून २०२१ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवून अधिभार घटनाबाह्य ठरविला. आधार होता मिसुरीच्या घटनेतील पहिल्या अनुच्छेदाचे चौदावे कलम, ज्यात न्याय विक्रीविना, नकाराविना आणि विलंबाविना दिला जावा असे म्हटले आहे. मॅग्ना कार्टाच्या ४०व्या कलमाचेच हे वंशज. १९८६ मध्ये याच न्यायालयाने काउंटी अधिकाऱ्यांच्या पगारासाठी लावलेला अधिभार रद्द करताना ठरविले होते की, न्यायालयीन शुल्काचा न्यायदानाच्या खर्चाशी वाजवी संबंध असला पाहिजे. २०२१ मध्ये प्रश्न एवढाच होता की, पगाराला लागू असलेले तत्त्व निवृत्तिवेतनाला लागू होते काय? न्यायालयाच्या मते, शेरीफ हा कार्यकारी शाखेचा निर्वाचित अधिकारी आणि निवृत्तिवेतन हा त्याच्या मोबदल्याचाच भाग. सबब तो खर्च न्यायदानाचा खर्च होऊ शकत नाही.

शेरीफांच्या बाजूने मांडता येणारा युक्तिवादही दुर्बळ नाही. कैद्याला कोर्टात आणणारा शेरीफ, कोर्टात बंदोबस्त ठेवणारा शेरीफ, निकालाची बजावणी करणारा शेरीफ; त्याच्यावाचून न्यायदान कागदावरच राहील. ग्रामीण काउंटीत वीस वर्षे रात्री-अपरात्री धावलेल्या माणसाचे उतारवय कोणी सांभाळावयाचे, हाही खरा प्रश्न आहे. कॉर्मक मॅकार्थीच्या ‘नो कंट्री फॉर ओल्ड मेन’ (२००५) या कादंबरीतील टेक्सासचा शेरीफ एड टॉम बेल नव्या हिंसेपुढे हतबल होऊन पद सोडतो. एरवी पाश्चिमात्य साहसकथांतील शेरीफ सहसा वृद्ध होत नाही. मॅकार्थीने त्याचे वार्धक्य हाच विषय केला. त्या वार्धक्याची सोय समाजाने करावी, यात दुमत नाही. वाद आहे तो, समाजाच्या वतीने हे ओझे नेमके आरोपीच्या पिंजऱ्यातील माणसाने उचलावे काय, याविषयी.

न्यायालयाच्या निर्णयाने निधीचा मुख्य स्रोत आटला. विधिमंडळाने त्यावर योजलेला उपाय साहित्याच्या अभ्यासकाला विशेष विचारप्रवृत्त करणारा आहे. घटनेतील ‘न्यायदान’ या शब्दाचा न्यायालयाने अर्थ लावला होता. विधिमंडळाने तो अर्थच बदलण्याचा प्रस्ताव मांडला. सहाव्या क्रमांकाच्या या घटनादुरुस्तीचा आशय असा की, शेरीफ आणि सरकारी अभियोक्ते यांसारख्या आजी-माजी अधिकाऱ्यांच्या पगार-लाभांसाठी शुल्क आकारणे हा न्यायदानाचाच भाग समजावा. जे वास्तवात निराळे आहे ते शब्दाच्या व्याख्येत सामावून घेण्याचा हा यत्न होता. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी तो मतदारांपुढे आला आणि सुमारे साठ टक्के मतदारांनी तो फेटाळला.

५. नकाराचा अर्थ

या निकालातील एक तपशील दुर्लक्षिता येणार नाही. मिसुरीत शेरीफांची निवडणूक अध्यक्षीय निवडणुकीबरोबरच होते. त्यामुळे बहुतेक काउंट्यांत मतदारांनी एकाच दिवशी आपला शेरीफ निवडला आणि त्याच्या निवृत्तिवेतनाचा हा मार्ग बंदही केला. याला कृतघ्नता म्हणता येणार नाही. शेरीफाला निवृत्तिवेतन असावे की नसावे, बारा वर्षांची अट योग्य की अयोग्य, हे मतपत्रिकेवर नव्हतेच. तेथे शब्दाच्या अर्थाचा प्रश्न होता, आणि ‘न्यायदान’ या शब्दात शेरीफाचा मोबदला बसत नाही, असे लोकांनी ठरविले.

पात्रता आणि निधीचा स्रोत हे दोन स्वतंत्र विषय आहेत, असे निवृत्तिवेतनाच्या धोरणात सामान्यतः गृहीत धरले जाते. मिसुरीचा इतिहास या गृहीताला छेद देतो. बारा वर्षांच्या सेवेनंतर निवृत्तिवेतन मिळते, ते त्या माणसाने समाजाची सेवा केली म्हणून. मग त्याचे ऋणको सगळा समाज असतो आणि फेडही सगळ्यांच्या करातून व्हावयास हवी. तीच रक्कम आरोपींकडून वसूल होऊ लागली, की पात्रतेचा आधारच नकळत बदलतो; सेवेचा मोबदला पुन्हा खटल्यांच्या संख्येशी जोडला जातो आणि पगाराने हद्दपार केलेली शुल्कपद्धती निवृत्तिवेतनाच्या मागल्या दाराने घरात येते. तीन डॉलरांसाठी कोणी शेरीफ जादा अटका करील, असे मानण्याचे कारण नाही. परंतु मनरोव्हिलच्या महापौराविषयीही न्यायालयाने तसे म्हटले नव्हते; संशयाला जागा राहू नये एवढाच आग्रह तेथे होता.

१३७७ च्या इंग्रज विधिकर्त्यांनी शेरीफाचे सातत्य तोडून त्याला लोभापासून दूर ठेवण्याचा प्रयत्न केला. १९८३ च्या मिसुरीने त्याच्या सातत्याला बक्षीस दिले. या सहा शतकांत शेरीफाकडे पाहण्याची दृष्टी संशयाकडून आदराकडे सरकली, यात शंका नाही. २०२४ च्या मतदाराने तो आदर काढून घेतलेला नाही; त्याची किंमत मात्र कोर्टाच्या पावतीवर लिहू दिली नाही. कॅन्सस सिटीतील वाहनचालकाला ते तीन डॉलर परवडले असतीलही. ज्याला ते परवडत नाहीत, असा माणूस न्यायालयाच्या दारात उभा असतो, हे ध्यानात ठेवूनच १२१५ चे ते वाक्य लिहिले गेले होते, असे नाही. पण आठशे वर्षांनी ते त्याच्या कामी आले.